‘का’वर अडकलेलं नाव

कालिंदीबाईंचा लॅपटॉप इतका म्हातारा होता, की तो सुरू केला की शेजारपाजारच्या बायका गिरणी चालू झाली समजून दळणाचे डबे घेऊन दारात यायच्या. निदान कालिंदीबाई तरी असंच सांगायच्या, आणि त्यांनी सांगितलेल्यातलं निम्मंच खरं धरायचं, अशी बार्शीतल्या त्या गल्लीची रीत होती. लॅपटॉपचा पंखा मात्र खरंच घरघरायचा. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळाएवढा काळा डाग पडला होता, आणि रोज सकाळी त्या डागाशेजारी एक चौकट उगवायची. नवी आवृत्ती तयार आहे. आता घ्यायची की नंतर? बाई चहाचा कप खाली ठेवायच्या, ‘नंतर’वर टिचकी मारायच्या आणि पुन्हा चहा उचलायच्या. वर्षानुवर्षं हेच. वाट बघून बघून त्या चौकटीला मोतीबिंदू झाला असेल, असं त्या म्हणायच्या.

लोकांना वाटायचं, म्हातारी हट्टी आहे. तशी ती होतीच. पण ह्या हट्टामागे एक आवाज होता. त्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या यजमानांनी एकदा, एकदाच, त्यांचं नाव घेतलेलं होतं.

दिगंबर सुरवसे पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. कालव्याच्या काठानं फिरायचं, पाणी किती ते बघायचं, कुणाच्या शेताला किती सोडायचं ते ठरवायचं. नोकरी त्यांना मानवली, कारण पाण्याशी बोलावं लागत नाही. माणसांशी बोलताना ते अडकायचे. क, प, द असली अक्षरं तर घशात हाडासारखी बसायची. जबडा ताठ व्हायचा, डोळे मिटायचे, डाव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरायची, आणि शब्द काही बाहेर यायचा नाही.

लग्नात उखाण्याचा आग्रह झाला. दिगंबरराव ‘का’वर अडकले. कुठून तरी खुसखूस सुरू झाली, आणि शेवटी कुणाच्या तरी मामांनी मागून ओरडून ‘कालिंदी’ असं नाव पुरं करून टाकलं. सगळा मांडव हसला. नवरदेवानं त्या दिवशी जे नाव गिळलं ते गिळलंच. पुढे सगळा संसार त्यांनी बायकोला ‘ऐकतेस का’ म्हणून हाक मारली. दुधवाल्यानं म्हणे पहिली दोन वर्षं वहीत बाईंच्या नावाच्या जागी ‘ऐकतेसबाई’ असंच लिहून ठेवलं होतं.

त्याच दिवशी कालिंदीबाईंनीही मनाशी एक ठरवलं. ह्या माणसाचा शब्द आपण कधी पुरा करायचा नाही. किराणावाला करायचा, साहेब करायचे, पुढं पोटची लेकसुद्धा करायला लागली. बाई मात्र हात मांडीवर ठेवून समोर बसायच्या आणि वाट बघायच्या. एकदा ओट्यापाशी येऊन दिगंबरराव ‘दू, दू’ करायला लागले. बाई थांबल्या. दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून ओघळून खाली फरशीवर आलं, तेव्हा कुठं ‘दूध’ पुरं झालं. बाई म्हणाल्या, “हो, बघते,” आणि फडकं घेतलं.

लग्नाला तीस वर्षं झाली त्या दिवशी दुपारी दिगंबरराव लॅपटॉपसमोर बसले, बाईंना शेजारी बसवलं आणि आवाज भरायचं बटण दाबलं. उखाणा स्वतःच रचला होता. ‘पाणी निघालं धरणातून, पोचायला लागतो वेळ.’ इथपर्यंत धडपडत आले. मग ‘का’ आला. त्यानंतर बराच वेळ लॅपटॉपमध्ये नुसता पंखा ऐकू यायचा, आतल्या कुकरची शिट्टी ऐकू यायची, मांडीवर बोटं वाजलेली ऐकू यायची आणि मधेच ‘का, का’ यायचं. मग एकदम, दार मोडून आत यावं तसं, “कालिंदीचं नाव घेतो, जमला आमचा मेळ.” आणि शेवटी एक हुश्श, आणि दोघांचं हसणं. पुढच्या उन्हाळ्यात दिगंबरराव गेले.

बाई तो आवाज रोज ऐकायच्या असं नाही. पण घरात तुपाचा डबा भरलेला आहे हे माहीत असलं की कोरडी भाकरीही जाते, तसं त्यांचं चाललं होतं.

*

नव्या आवृत्तीचं नाव होतं ‘निर्मळ’. तिची करामत समजायला इंजिनियर असायला नको, दिवाळीचा फराळ केलेला असला तरी पुरे.

जुना लॅपटॉप आवाज साठवायचा तो डब्यात लाडू भरून ठेवावेत तसा. जसा वळला तसा, फुटका तर फुटका. पण जगभरच्या लोकांनी इतकं बोलून, गाऊन, रडून ठेवलं होतं, की डबे ठेवायला जागा पुरेना. ती साठवण थंड ठेवायला लागणारी वीजही परवडेना. मग शास्त्रज्ञांनी शक्कल काढली. लाडू ठेवायचेच नाहीत, लाडवाची कृती ठेवायची. यंत्र तुमचा आवाज एकदा ऐकणार, गळ्याची ठेवण टिपून घेणार, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते ओळखणार आणि मूळ आवाज पुसून टाकणार. पुढे कधी ऐकावंसं वाटलं, की त्याच गळ्यानं तेच वाक्य ताजं वळून देणार. चिमूटभर जागेत अख्खं घराणं मावायचं.

गोम एवढीच, की कृतीमध्ये फुटका लाडू कुणी लिहीत नाही. खोकला, उचकी, मागचा कुकर, मधेच तुटलेलं वाक्य, हा सगळा यंत्राच्या लेखी कचरा. माणसाला काय म्हणायचं होतं ते राहणार. कसं म्हटलं ते जाणार.

लोक खूष होते. समोरच्या मंदाताई घोलपांच्या लग्नाच्या चित्रफितीत त्यांच्या सासूबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या होत्या, ‘एवढंसंच सोनं?’ निर्मळनं विचार केला, लग्नात सासू असं कशाला म्हणेल, आणि तिथं ‘छान झालं सगळं’ असं घालून दिलं. मंदाताई आता सगळ्यांना सांगायच्या की सासूबाई स्वभावानं तशा चांगल्याच होत्या. कालिंदीबाई म्हणायच्या, बिचारीनं उभा जन्म जो राग चघळला तोच काढून घेतला, आता दुपारी करायचं काय तिनं?

तोवर हे सगळं त्यांना गमतीचं वाटत होतं. मे महिन्यात त्या लेकीकडं पुण्याला गेल्या आणि गंमत संपली.

लेक मृण्मयी, जावई नोकरीनिमित्त परदेशी, आणि नात ओवी, सात वर्षांची. प्रत्यक्ष भेट फार दिवसांत नव्हती, पण ओवी फोनवर आजीशी घडाघडा बोलायची. आजी दारात आली तेव्हा पोरगी धावत आली आणि उंबऱ्याशीच थांबली. जबडा ताठ झाला. डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं फ्रॉकवर ताल धरायला लागली. “आ, आ, आ...”

कालिंदीबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्या पोरीची वाट बघत उभ्या राहिल्या. पण मागून मृण्मयीनं “आजी आली, हो ना, चल आत” म्हणून वाक्य पुरं करून टाकलं.

फोनवर हे कळायचं काही कारणच नव्हतं. मृण्मयीचा फोन कधीचाच निर्मळवर होता. पोरीचं अडकणं तो वाटेतच निवडून टाकायचा, तांदळातले खडे काढावेत तसं. शाळेतला टॅब तर त्याच्याही पुढं गेला होता. ओवीनं तोंड उघडलं की तिला काय म्हणायचं असेल ते ताडून तिच्याच आवाजात बोलून मोकळा व्हायचा. वर्गातल्या बाई शाबासकी द्यायच्या. पोरगी तोंड मिटायची. हळूहळू तिनं तोंड उघडणंच कमी केलं. काय गं, काय झालं, असं विचारलं की म्हणायची, “काही नाही.” हे दोन शब्द मात्र तिला कधी अडायचे नाहीत. वापरून वापरून गुळगुळीत झाले होते.

मग आजीनं आपलं दुकान उघडलं. थापांचं. पोरीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, “तुझे आजोबा अगदी तुझ्यासारखेच बोलायचे. एकदा कालव्याला पूर आला. आजोबा काठावर उभे राहिले आणि पाण्याला ‘थांब’ म्हणायला गेले. झालं, ‘थ’वरच अडकले. पाण्याला वाटलं, माणूस काहीतरी महत्त्वाचं सांगतोय. ते बिचारं पुढचं अक्षर ऐकायला जागच्या जागी उभं राहिलं. पुढची सात गावं कोरडीठाक. लोक आजोबांच्या पाया पडायला आले, की बाबा, शब्द पुरा करा.”

ओवी हसली. अडकण्यावर कुणी इतकं छान बोललेलं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. मग तिनं विचारलं, वेळ घेऊन, सगळा प्रश्न स्वतःच पुरा करून, की आजोबा ख, खरंच अडकायचे का? आईनं तर कधी सांगितलं नाही.

“पाण्याचं खोटं असेल,” आजी म्हणाल्या, “पण अडकायचे ते खरं. माझ्याकडं पुरावा आहे. लॅपटॉपमध्ये आहे. दिवाळीला ये, ऐकवते. किती वेळ अडकले आणि तरी कसं बाहेर काढलं, ते ऐक.”

त्या दिवसापासून ओवी दिवाळीची वाट बघायला लागली. फटाक्यांसाठी नाही.

*

दिवाळीच्या आधीच दुसरं संकट उभं राहिलं. पेन्शनीचा हयातीचा दाखला. आपण अजून जिवंत आहोत हे कालिंदीबाई दर वर्षी लॅपटॉपसमोर बसून, नाव सांगून कळवायच्या. ह्या वर्षी लॅपटॉपनं पाटी दाखवली, की ह्या जुन्या आवृत्तीवरून दिलेला पुरावा चालणार नाही.

बाई पेन्शन कचेरीतल्या खिडकीवर गेल्या. खिडकीतला माणूस सज्जन होता. त्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, “आजी, तुम्ही माझ्यासमोर बसलाय हे मला दिसतंय. पण मला दिसून उपयोग नाही, मशीनला दिसलं पाहिजे.” मग दुसरं मशीन नावावर लावा, असं बाई म्हणाल्या. ते लावायचं तर आधी ह्या वर्षीचा दाखला लागतो, असं तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळून खाली बघायला लागला.

तो आवाज पेनड्राइव्हवर काढून ठेवावा, तर तो वाजवायचा कशावर? कुठल्याही नव्या यंत्राला लावला की ते आधी त्याला निवडून, पाखडून स्वच्छ करणार. म्हणजे जिवंत राहायचं तर नवऱ्याचा आवाज द्यायचा, असा सौदा होता. मंदाताई म्हणाल्या, त्यात काय, आवाज राहतोच की, उलट छान होतो.

मृण्मयीनं फोनवर धीर दिला. म्हणाली, अगं आई, घाबरू नकोस. नवी आवृत्ती घालताना मशीन एकदा विचारतं, जुने आवाज आहेत तसे ठेवायचे का म्हणून. फार जागा खातात, पण ठेवता येतात. मी येते आणि करून देते.

“आधी मी ओवीला ऐकवणार,” बाई म्हणाल्या. “मग तू काय ते कर. आणि ‘आहे तसा ठेव’ म्हणून सांगायचं, विसरायचं नाही.”

“हो गं,” मृण्मयी म्हणाली.

दिवाळीला मायलेकी बार्शीला आल्या, फराळाचं झालं, आणि दुपारी बाई ओवीला घेऊन झेंडूची फुलं आणायला गेल्या. पोरीनं वाटेत पाच-सहा वाक्यं बोलून घेतली, सगळी स्वतःची. फुलवाली मधे बोलायला लागली तर बाईंनी तिलाही हातानं थांबवलं. परत आल्या तर घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते बाईंना पटकन कळेना. मग लक्षात आलं. घरघर येत नव्हती. लॅपटॉप चालू होता, पण पंखा गप्प होता. पडद्यावर निळंशार तळं दिसत होतं, आणि रोजची ती चौकट कुठंच नव्हती.

“करून टाकलं,” मृण्मयी कढई घासता घासता म्हणाली. “मला उद्या सकाळीच निघायचंय ना, म्हणून.”

“ठेवलास ना?”

“आहे आत. लाव की.”

ओवी केव्हाच खुर्चीवर चढून बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास धरून. कालिंदीबाईंनी बटण दाबलं.

“पाणी निघालं धरणातून, पोचायला लागतो वेळ, कालिंदीचं नाव घेतो, जमला आमचा मेळ.”

एका दमात. स्वातंत्र्यदिनाला साहेब भाषण करतात तसं, खणखणीत. गळा दिगंबररावांचाच, त्यात काही खोट नव्हती. फक्त त्यात पंखा नव्हता, कुकर नव्हता, मांडीवरची बोटं नव्हती. हुश्श नव्हतं. शेजारी श्वास रोखून बसलेली बायको नव्हती. सगळा उखाणा संपला तेव्हा बाईंचं बोट अजून बटणावरच होतं.

ओवीनं आजीकडं बघितलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

“आ, आ, आजोबा अ, अडकत न, नाहीत,” ती म्हणाली. बाईंनी वाट बघितली म्हणून तिला पुढंही बोलता आलं. “ही प, पण गो, गोष्टच होती.”

आयुष्यभर कालिंदीबाईंनी थापा मारल्या होत्या, आणि लोक त्यावर पोट धरून हसले होते. आज त्यांच्याकडं एकच खरी गोष्ट होती, आणि ती कुणाला खरी वाटावी असं त्यांनी स्वतःसाठी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, नाही गं राणी, हे खरं होतं. त्यांच्याच कानाला ते खोटं वाटलं. पाणी थांबल्याचं सांगतानाही त्यांचा आवाज असाच यायचा.

त्या उठून मोरीपाशी गेल्या. “मशीननं विचारलं नाही का तुला?”

मृण्मयी कढई घासत राहिली. “विचारलं,” ती म्हणाली.

“मग?”

“मी नको म्हटलं.” तिनं नळ बंद केला. “आई, तू घरात असायचीस. शाळेच्या दारात मी असायचे. बाबा मला न्यायला यायचे आणि शिपायाला माझं नाव सांगताना ‘म’वर अडकायचे. सगळी पोरं रांगेत उभी राहून त्यांच्याबरोबर ‘म, म’ करायची. ते संपलं एकदाचं. आता ओवीचं सुरू झालंय, डॉक्टर म्हणतात बरं होईल. तिला तू सांगत बसणार की हे रक्तातच आहे?”

“रक्तात आहे म्हणूनच तर ऐकवायचं होतं,” बाई म्हणाल्या. “की असं बोलणारा माणूस संसार करतो. नाव घेतो.”

“एका नावाला तीस वर्षं लागली त्यांना.”

“मला ती जड गेली नाहीत,” बाई म्हणाल्या. “मी बसले होते, वाट बघत.”

मृण्मयी डोळे पुसून पुन्हा कढईला लागली. तिचंही काही खोटं नव्हतं, हीच तर बाईंच्या घशाखाली न उतरणारी गोष्ट होती.

*

दाखला राहिलाच होता. मुदत संपत आलेली, आणि लेक सकाळी जाणार. संध्याकाळी मृण्मयीनं लॅपटॉप लावून दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. ओवी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दुपारपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

“नमस्कार,” लॅपटॉप गोड आवाजात म्हणाला. “कृपया आपलं पूर्ण नाव सांगा.”

कालिंदीबाईंनी नातीकडं बघितलं. आणि ठरवलं, की मशीननं पुसलं तर पुसू दे, मी तर आहे. मी ऐकलंय ते. मी करून दाखवीन. त्यांनी जबडा ताठ केला, डोळे मिटले, डाव्या हाताची बोटं मांडीवर ठेवली.

“का,” त्या म्हणाल्या. “का, का...”

सुरुवात त्यांनी मुद्दाम केली होती. पण मधेच कुठंतरी ते खरं झालं. पुढचं अक्षर येईना. आपलंच नाव, आणि वाट सापडेना. दिगंबररावांना आत काय होत असेल ते एवढ्या संसारात त्यांना आज पहिल्यांदा कळलं. ओवी चौकटीपासून सुटून दोन पावलं पुढं आली. तिचे डोळे मोठे झाले होते, आणि तिचीही बोटं फ्रॉकवर हलायला लागली होती.

“कालिंदी दिगंबर सुरवसे,” लॅपटॉप म्हणाला. बाईंच्याच आवाजात. स्वच्छ, तरतरीत. “धन्यवाद. आपण हयात आहात.”

बाईंचं तोंड उघडंच होतं. नाव अजून आतच होतं.

ओवी खुर्चीपाशी आली. तिला काहीतरी सांगायचं होतं. आजीच्या गुडघ्याला धरून तिनं डोळे मिटले. “आ, आ, आजी, म, म...”

“आजी, मला भूक लागली,” लॅपटॉप ओवीच्या आवाजात म्हणाला.

“वाढते गं, दोनच मिनिटं,” मृण्मयीनं आतून ओ दिली.

कालिंदीबाईंनी फाटकन लॅपटॉप मिटला. खुर्ची वळवून त्या नातीसमोर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून, जशा त्या जन्मभर बसल्या होत्या तशा. घरात आता पंख्याची घरघर नव्हती, कुकर नव्हता. त्यांच्याकडं हवा तेवढा वेळ होता. त्या वाट बघत राहिल्या.

ओवीनं मिटलेल्या लॅपटॉपकडं बघितलं. मग आजीकडं बघितलं.

“काही नाही,” ती म्हणाली. एकदाही न अडकता.